पाहुणे काय बोलून गेले? विद्यापीठांतली भाषणं, स्मृतिदिन वगैरे

टाचणवही:
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय कारण डोक्याला ताप झालाय. मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे (नाव विचारू नका, नोकरी टिकवायची आहे) आणि वर्धापनाच्या निमित्ताने स्मरणिका निघतेय, त्यातलं 'आमच्याकडची संस्मरणीय भाषणं' हे प्रकरण माझ्या गळ्यात पडलंय. म्हटलं सोपं आहे, जुने वार्षिक अहवाल काढायचे आणि उतरवायचं. कसलं काय. फोटो ढीगभर आहेत, पाहुणे गाडीतून उतरताना, फीत कापताना, कुलगुरूंकडे बघून हसताना. पण पाहुणे बोलले काय? तर "पाहुण्यांनी विद्यार्थ्यांना मोलाचे मार्गदर्शन केले." बास. वर्षानुवर्षं हेच वाक्य, फक्त पाहुण्याचं नाव बदलतंय.

एकच चीज सापडली. फायलीच्या तळाशी टाइप केलेले तीन पातळ कागद, कार्बन कॉपी, त्यावर अक्षरं इतकी फिकट की खिडकीपाशी धरून वाचावं लागतं. कोणीतरी एक भाषण जसंच्या तसं उतरवून घेतलंय, मध्ये कंसात (हशा), (टाळ्या), एका ठिकाणी (बराच वेळ हशा). आणि पहिलं पान गायब! म्हणजे कोण बोललं, कधी बोललं, काही पत्ता नाही. लोक कशावर बराच वेळ हसले तेवढं मात्र कळतंय, कुलगुरूंच्या गाडीच्या हॉर्नवर.

तर प्रश्न असा की जगात विद्यापीठांमध्ये झालेली कुठली भाषणं खरंच टिकली आणि ती कशामुळे टिकली? मला मार्शल आठवला. ५ जून १९४७, हार्वर्ड, अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री मानद पदवी घ्यायला आलाय, दहा-बारा मिनिटं कागदातून डोकं वर न काढता वाचून दाखवतो आणि खाली बसतो. समोरच्यांना वाटलं असेल झालं एकदाचं. पण युरोप उभा करायचा मार्शल प्लॅन तिथून निघाला, आणि ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्याने, बेव्हिनने, ते रेडिओवर ऐकून लगेच फोनाफोनी सुरू केली. म्हणजे भाषण झालं हार्वर्डला आणि ऐकलं भलत्यानेच. असं काही असेल तर सांगा, माझ्या प्रकरणाला प्रस्तावना तरी मिळेल.

शेवटचा_बाक:
वा, आपला विषय! पदवीदान समारंभात मी दोनदा बसलोय आणि दोन्ही वेळा पाहुण्याच्या भाषणातलं एक अक्षर आठवत नाही, झगा मानेला टोचत होता ते आठवतं. त्यामुळे आपला साधा सिद्धांत, भाषण गाजायला ते झालेलंच असावं लागतं असं काही नाही.

हसू नका, पुरावा देतो. १९९७ च्या उन्हाळ्यात ईमेलवर एक भाषण जगभर फिरलं, लेखक कर्ट व्हॉनगटने एमआयटीच्या पदवीदानात केलेलं म्हणून, सुरुवातच "सनस्क्रीन लावा" अशी. लोकांनी प्रिंट काढून भिंतीवर चिकटवलं. व्हॉनगट तिथे गेलेलाच नव्हता. तो 'शिकागो ट्रिब्यून'मधला मेरी श्मिच या बाईंचा १ जून १९९७ चा कॉलम होता. आणि एमआयटीत त्या वर्षी खरंच कोण बोललं होतं? कोफी अन्नान! संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस येऊन बोलून गेला, ते कोणाला ठाऊक नाही आणि न झालेलं भाषण अजून फॉरवर्ड होतंय. टाचणवहीराव, तुमच्या पहिल्या पानाचं एवढं टेन्शन घेऊ नका.

कोरा_कागद:
रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर लिहितो संध्याकाळी.

पाणचक्की:
फुल्टनशिवाय ही यादी कशी सुरू केलीत? मिसुरीतलं एवढंसं वेस्टमिन्स्टर कॉलेज. त्यांनी चर्चिलला पत्र पाठवलं, तेही तो निवडणूक हरून घरी बसलेला असताना, आणि त्या पत्राच्या खाली राष्ट्राध्यक्ष ट्रूमनने स्वतःच्या हाताने लिहिलं की माझ्या राज्यातली फार छान संस्था आहे, या, मी तुमची ओळख करून देईन. वशिला असावा तर असा. ५ मार्च १९४६ ला कॉलेजच्या जिमखान्यात चर्चिल उभा राहिला आणि सोव्हिएत गट आणि पश्चिम युरोप यांच्यात 'पोलादी पडदा' पडलाय असं बोलून गेला. शब्द त्याचा नव्हे, आधीही लोकांनी वापरलेला आहे, आणि भाषणाचं छापील नावही वेगळंच आहे, 'सिन्यूज ऑफ पीस', पण ते नाव आज किती जणांना माहीत?

पण मला खरं आवडतं ते पुढचं. त्या भाषणाची आठवण म्हणून या लोकांनी पाटी-बिटी नाही लावली, लंडनमधलं एक अख्खं चर्च उचलून आणलं. ख्रिस्तोफर रेनने बांधलेलं, १९४० च्या बॉम्बफेकीत जळून नुसत्या भिंती उरलेलं. त्याचे दगड नंबर घालून समुद्रापार नेले आणि कॉलेजच्या आवारात पुन्हा रचले, १९६९ मध्ये ते खुलं झालं. शेजारी बर्लिनच्या भिंतीच्या आठ तुकड्यांचं शिल्प आहे, केलंय चर्चिलच्या नातीने, आणि त्यातून माणसांच्या आकाराची भोकं आरपार कापलीत. मग १९९२ मध्ये तिथेच गोर्बाचेव्ह येऊन बोलला. पडदा पडला त्या गावात पडदा उठल्याचं भाषण, आता याला काय म्हणणार.

चष्मिष्ट:
चांगली माहिती पण वेस्टमिन्स्टर हे कॉलेज आहे, विद्यापीठ नव्हे. धाग्याचं शीर्षक 'विद्यापीठांतली' असं आहे.

पाणचक्की:
बरं बाबा. मग त्याच वर्षीचं १९ सप्टेंबरचं झुरिक घ्या, तिथे चर्चिलने 'युनायटेड स्टेट्स ऑफ युरोप' उभं करा म्हणून सांगितलं, फ्रान्स आणि जर्मनीने पुढाकार घ्यावा असं, आणि तेही युद्ध संपून जेमतेम सव्वा वर्ष झालं असताना. झुरिक विद्यापीठच आहे, खात्री करून घेतली आहे.

चष्मिष्ट:
धन्यवाद.

मातीचा_दिवा:
तुम्ही सगळे वक्त्यांच्या बाजूने बघताय, जरा समोर बसलेल्यांकडे बघा की. माझ्या मते सगळ्यात परिणाम झालेलं विद्यापीठीय भाषण ढाक्याचं, आणि परिणाम झाला तो वक्त्याला हवा होता त्याच्या नेमका उलटा.

२४ मार्च १९४८, ढाका विद्यापीठाचा पदवीदान समारंभ, कर्झन हॉल, पाहुणे जिना. तीन दिवस आधी मैदानावरच्या सभेत ते बोललेच होते की राष्ट्रभाषा उर्दू आणि उर्दूच, तेच त्यांनी इथे पुन्हा सांगितलं, आणि समोरून पोरं ओरडली "ना, ना!" आता विचार करा, पाकिस्तान हा नवा देश, पोरं बंगाली बोलणारी, देशाचा संस्थापक व्यासपीठावर, आणि पदवी घ्यायला आलेली विद्यार्थीमंडळी तोंडावर 'नाही' म्हणतायत. विद्यापीठाच्या अहवालात त्याही दिवशी 'मोलाचे मार्गदर्शन' लिहिलं असेल बघा.

पुढचं माहीत असेलच. २१ फेब्रुवारी १९५२, बंगाली भाषेसाठी जमावबंदी मोडून विद्यार्थी बाहेर पडले, मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहापाशी गोळीबार झाला. आणि आता स्मारकाचं ऐका. मेडिकलच्याच पोरांनी दोनच दिवसांनी, २३ तारखेला, एका रात्रीत विटा-सिमेंट जमवून शहीद मिनार बांधला, पोलिसांनी २६ ला तो पाडून टाकला. नंतर रीतसर मोठा बांधला तो १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने उडवला. पुन्हा बांधला. आजही २१ फेब्रुवारीला लोक अनवाणी चालत फुलं घेऊन तिथे जातात, आणि १९९९ मध्ये युनेस्कोने तोच दिवस आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून घेतला. पाडलेलं स्मारक जास्त टिकतं की काय कोण जाणे.

शेवटचा_बाक:
+१. "ना, ना" चं वाचून अंगावर काटा आला. माझा सिद्धांत मागे घेतो, अर्धा.

उन्हाळी_सुट्टी:
भाषा आणि विद्यापीठ निघालंच आहे तर बनारस सोडून कसं चालेल. फेब्रुवारी १९१६, हिंदू विद्यापीठाची कोनशिला व्हाइसरॉय हार्डिंग यांनी ४ तारखेला बसवली, मग पुढचे दोन-तीन दिवस भाषणंच भाषणं. ६ तारखेला गांधी उभे राहिले, आफ्रिकेतून येऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि पहिलीच तक्रार काय तर या पवित्र शहरात मला माझ्या देशबांधवांशी परक्या भाषेत बोलावं लागतंय ही शरमेची गोष्ट आहे. समोर दागिन्यांनी मढलेले राजे-महाराजे. त्यांना म्हणाले हे दागिने उतरवून देशाचे विश्वस्त म्हणून सांभाळल्याशिवाय देशाची सुटका नाही. मग व्हाइसरॉयच्या बंदोबस्तावर घसरले, मग बॉम्बवाल्या तरुणांचा विषय निघाला, व्यासपीठावरून अ‍ॅनी बेझंट म्हणतायत थांबवा हे, पोरं म्हणतायत चालू द्या, राजेलोक उठून चालू लागले, शेवटी अध्यक्ष दरभंग्याचे महाराजही उठले. भाषण संपलंच नाही.

पण त्याची बातमी पेपरात आली आणि ती वाचून एका विशीतल्या मराठी मुलाने गांधींना पत्र लिहिलं, शंका विचारल्या, उत्तरं आली, आणि जूनमध्ये तो थेट आश्रमात जाऊन थडकला. विनोबा. सभागृहात नव्हता बरं का, पेपर वाचून! बेव्हिनसारखीच केस.

बादवे, कलकत्ता विद्यापीठात पदवीदानाचं भाषण पहिल्यांदा बंगालीतून झालं ते १९३७ मध्ये, रवींद्रनाथांचं. विद्यापीठ स्थापन १८५७ चं. ऐंशी वर्षं लागली.

टाचणवही:
वाचतोय, टिपून घेतोय. ढाका आणि बनारस दोन्ही प्रस्तावनेत घालीन म्हणतो, पण आमचे कुलसचिव "वादग्रस्त नको" म्हणतील हे आत्ताच दिसतंय. गांधींचं भाषण वादग्रस्त!

रिकामटेकडा:
सगळं राजकारणच का पण? लोकांना खरंच उपयोगी पडलेली भाषणं म्हणजे स्टीव्ह जॉब्ज, स्टॅनफर्ड, १२ जून २००५. पंधरा मिनिटं, तीन गोष्टी, कागदावरून वाचलेल्या, आणि आज वीस वर्षांनी सुद्धा लोक बघतात. आम्ही निराश झालो की ते लावतो, आम्हाला मार्शल प्लॅनचा काय उपयोग.

खडूचा_तुकडा:
रिकामटेकडा, जॉब्जबद्दल सहमत, पण त्या प्रकारात माझं मत भौतिकशास्त्रज्ञ फाइनमनला. कॅलटेक, १९७४ चं पदवीदान. तो सांगतो की दक्षिण समुद्रातल्या बेटांवरच्या लोकांनी युद्धात विमानांतून माल उतरताना पाहिला, युद्ध संपल्यावर विमानं येईनात, म्हणून त्यांनी धावपट्टीच्या कडेने शेकोट्या पेटवल्या, लाकडी हेडफोन घालून एक माणूस झोपडीत बसवला, सगळं हुबेहूब, फक्त विमान उतरत नाही. आणि मग म्हणतो की पुष्कळसं संशोधन असंच चालतं, दिसायला सगळं बरोबर. पहिला नियम काय तर स्वतःला फसवू नका, आणि फसवायला सगळ्यात सोपे तुम्हीच असता. पदवी हातात पडायच्या दिवशी हे ऐकवलंय. मी दर वर्षी नव्या मुलांना पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी ही गोष्ट सांगते, निम्मी मुलं हेडफोनवर हसतात, उरलेली वही लपवतात.

शेवटचा_बाक:
वही लपवतात =)) मीही त्यातलाच.

आणि 'उपयोगी' म्हणाल तर २०१९ मध्ये मोरहाऊस कॉलेजात (चष्मिष्ट, माफ करा, कॉलेज) रॉबर्ट स्मिथ नावाच्या उद्योगपतीने भाषणाच्या मध्येच जाहीर केलं की या बॅचचं सगळं शैक्षणिक कर्ज मी फेडणार. जवळपास चारशे पोरं होती. इतकं लक्ष देऊन ऐकलेलं भाषण दुसरं नसेल.

कोरा_कागद:
रुमाल उचलतो. मला केपटाउनबद्दल लिहायचं होतं.

६ जून १९६६. वर्णभेदाचा कडक काळ. विद्यार्थी संघटनेने अमेरिकेचा सिनेटर रॉबर्ट केनेडीला बोलावलं, आणि बोलावणारा जो अध्यक्ष, इयन रॉबर्टसन, त्याच्यावर सरकारने त्याआधीच बंदी घातली, म्हणजे कार्यक्रमाला जाणं दूरच, एका वेळी एकापेक्षा जास्त माणसांत बसायचं नाही. मग पोरांनी काय केलं, व्यासपीठावर त्याची खुर्ची ठेवली, रिकामी. केनेडी बोलला ते आज दगडावर कोरलंय, एकेका माणसाच्या कृतीतून आशेची छोटीशी लहर उठते वगैरे, वॉशिंग्टनजवळ त्याच्या थडग्यापाशी आहे ते. पण मला ती खुर्चीच जास्त आठवते. केनेडी त्या मुलाला घरी जाऊन भेटला सुद्धा, कारण भेटायचं तर दोघांनीच भेटता येत होतं.

आता पुढे बघा. ज्या सभागृहात हे झालं त्याचं नाव जेम्सन हॉल, हा जेम्सन म्हणजे आफ्रिकेत ब्रिटिश साम्राज्य पसरवणाऱ्या सेसिल ऱ्होड्सचा उजवा हात. आणि बाहेर, पायऱ्यांच्या खाली, खुद्द ऱ्होड्सचा पुतळा बसलेला, १९३४ पासून. म्हणजे स्वातंत्र्यावरचं इतकं गाजलेलं भाषण करून माणूस बाहेर पडला तो ऱ्होड्सच्या पाठीशीच. मार्च २०१५ मध्ये एका विद्यार्थ्याने त्या पुतळ्यावर मैला टाकला, आणि बरोबर महिन्याभरात, ९ एप्रिलला, क्रेनने पुतळा उचलून नेला. सभागृहाचं नाव २०१८ पासून सारा बार्टमन हॉल. ही दक्षिण आफ्रिकेतली बाई, तिला युरोपात नेऊन जनावरासारखं प्रदर्शनात मांडली होती, तिचं नाव. विद्यापीठ कोणाची आठवण ठेवतं हे बदलायला पन्नास वर्षं आणि एक बादली लागली.

चष्मिष्ट:
भावना पोचल्या.

रिकामटेकडा:
हे पुतळे पाडणं, पाहुण्यांना नको म्हणणं मला पटत नाही. बोलावलंय ना, मग बोलू द्या, पटलं नाही तर टाळ्या वाजवू नका. २०१४ मध्ये हॅव्हरफर्डला बर्कलेच्या माजी चॅन्सेलरना विद्यार्थ्यांनी अटींची यादी पाठवली, ते आलेच नाहीत, मग त्यांच्याऐवजी प्रिन्स्टनचे माजी अध्यक्ष बोवेन आले आणि त्यांनी व्यासपीठावरूनच पोरांना उद्धट म्हटलं. बरोबर केलं.

मातीचा_दिवा:
बोवेननी त्या चॅन्सेलरसाहेबांनाही सुनावलं होतं हो, येऊन बोलायला हवं होतं म्हणून, ते सोयीस्कर विसरू नका. आणि बोलू देणं वेगळं, गौरव करणं वेगळं. ऑक्सफर्डने १९८५ मध्ये थॅचरबाईंना मानद पदवी नाकारली, ७३८ विरुद्ध ३१९, शिक्षणाच्या पैशाला कात्री लावली म्हणून, आणि बाई तिथल्याच रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनी! त्यांचं तोंड कोणी बंद केलं नव्हतं, झगा दिला नाही एवढंच. मतदान करून, आकडे जाहीर करून.

रिकामटेकडा:
मुद्दा बरोबर आहे. पण पोरांनी पाठवलेली यादी म्हणजे मतदान नव्हे.

मातीचा_दिवा:
हेही बरोबर आहे. चहा घ्या आता.

उनाड_वारा:
मी म्युनिकला दोन दिवस होतो, विद्यापीठासमोरच्या चौकातून चाललो होतो आणि पायाखाली कागद पडलेले दिसले, कोणाचे तरी प्रिंटआउट उडालेत असं वाटून एक उचलायला वाकलो. नखाला दगड लागला. फरशीतच बसवलेले आहेत, पत्रकं आणि चेहऱ्यांचे फोटो, जणू आत्ताच कोणी वरून फेकलेत. १८ फेब्रुवारी १९४३ ला सोफी आणि हान्स शोल या भावंडांनी याच विद्यापीठात हिटलरविरोधी पत्रकं वाटली, उरलेली वरच्या मजल्यावरून इमारतीच्या आतल्या चौकात ढकलली, तिथल्या शिपायाने पकडून दिलं, चार दिवसांत मुंडकी उडवली. शेजारून विद्यार्थी सायकली घेऊन जात होते, कोणी थांबत नव्हतं, मीच एक वाकलेला. पाटी असती तर मी वाचून पुढे गेलो असतो.

उन्हाळी_सुट्टी:
वा. आणि स्मृतिदिनाचं म्हणाल तर प्राग! नाझींनी १७ नोव्हेंबर १९३९ ला चेक विद्यापीठं बंद केली, नऊ जणांना गोळ्या घातल्या, बाराशेच्या वर विद्यार्थ्यांना छळछावणीत धाडलं. त्याचा पन्नासावा स्मृतिदिन १९८९ मध्ये, रीतसर परवानगी घेतलेला, कारण नाझींच्या विरोधातल्या कार्यक्रमाला कम्युनिस्ट सरकार नाही कसं म्हणणार? विद्यापीठाच्या आवारात, अल्बर्टोव्हला, लोक जमले, भाषणं झाली, ठरल्याप्रमाणे फुलं वाहिली आणि घरी जायच्या ऐवजी मोर्चा शहराच्या मध्यावर वळला. पोलिसांनी झोडपलं. महिना-दीड महिन्यात सरकार गेलं आणि सरकारविरोधी नाटककार हावेल राष्ट्राध्यक्ष. टाचणवही, तुमच्या कुलसचिवांना हे दाखवू नका.

योगायोग म्हणजे लष्करी राजवटीविरुद्ध विद्यार्थी बसले होते त्या अथेन्सच्या पॉलिटेक्निकमध्ये रणगाडा फाटक तोडून आत घुसला तो दिवसही १७ नोव्हेंबरच, १९७३. ते चेपलेलं फाटक आजही तिथेच ठेवलंय.

जुना_सभासद:
फार वर्षांनी लॉगिन केलं. पासवर्ड आठवला हेच विशेष.

केंट स्टेटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ४ मे १९७०, अमेरिकेतलं ओहायो, व्हिएतनाम युद्धाविरोधी निदर्शनं चालू असताना नॅशनल गार्डने, म्हणजे राज्याच्या राखीव सैनिकांनी, १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या, चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी. मेलेल्यांतले दोघे निदर्शनात नव्हतेच, वर्ग बदलत होते. पुढच्या वर्षीपासून आदल्या रात्री मेणबत्त्या घेऊन मूक फेरी निघते, मग ते चौघे जिथे पडले त्या चार जागी लोक आळीपाळीने उभे राहतात, रात्रभर, दुसऱ्या दिवशी दुपारी १२ वाजून २४ मिनिटांपर्यंत, गोळीबाराची वेळ ती. जागा कुठली तर पार्किंग लॉट. १९७५ नंतर विद्यापीठाने जाहीर केलं की पाच वर्षं झाली, आता पुरे, आम्ही कार्यक्रम करणार नाही. तर विद्यार्थ्यांनीच समिती केली आणि चालू ठेवलं, आणि हे लक्षात घ्या की विद्यार्थी दर चार वर्षांनी बदलतात, म्हणजे ज्यांनी पाहिलं ते केव्हाच गेले, ज्यांचा तेव्हा जन्मही नव्हता ती पोरं उभी राहतायत. त्या चार जागा गाड्या लावण्यापासून मोकळ्या ठेवायला, कायमच्या खुणा करायला १९९९ उजाडलं. एकोणतीस वर्षं त्या जागेवर गाड्या लागत होत्या.

माझ्या ओळखीतले एक प्राध्यापक तिथे जाऊन आले, ते म्हणाले भाषणं काय झाली ते आठवत नाही, पाय दुखले तेवढे आठवतात.

खडूचा_तुकडा:
_/\_

चष्मिष्ट:
धागाकर्त्यासाठी एक सूचना, गंभीरपणे. स्मरणिकेत अवतरणं घालताना सांभाळा. १२ ऑक्टोबर १९३६, सालामान्का, स्पेनचं यादवी युद्ध पेटलेलं, फ्रँकोचे सेनापती व्यासपीठावर, आणि कुलगुरू उनामुनो उठून म्हणाला "तुम्ही जिंकाल, पण पटवून देऊ शकणार नाही". जगभर उद्धृत होतं. प्रसंग घडला हे नक्की, त्याला पदावरून काढलं आणि वर्ष संपायच्या दिवशी तो गेला हेही नक्की. पण जे भाषण आपण वाचतो ते पोर्तियो नावाच्या माणसाने १९४१ मध्ये लंडनच्या एका मासिकात लिहिलेलं, आणि तो त्या दिवशी सभागृहात नव्हताच. उनामुनोच्या हातचं उरलंय ते एका पत्राच्या पाठीवर खरडलेले शब्द, त्यात 'जिंकणं आणि पटवणं' एवढं आहे. पत्र कोणाचं? अटकेतल्या मित्राच्या बायकोचं, नवऱ्याला सोडवा म्हणून. मला विचाराल तर ती पाठकोरी चिठ्ठी त्या पूर्ण भाषणापेक्षा वजनदार आहे.

पाणचक्की:
चष्मिष्ट, आज तुम्ही मन जिंकलंत. (आणि पटवलंतही.)

खडूचा_तुकडा:
टाचणवही, एक विचारते, ध्वनिफीत वगैरे काही नाही का तळघरात? कारण न्यूकॅसलला असंच झालं. १३ नोव्हेंबर १९६७ ला मार्टिन ल्यूथर किंग मानद पदवी घ्यायला तिथे आले, एका दिवसापुरते, आणि आयत्या वेळी उभे राहून बोलले, वंशभेद, गरिबी आणि युद्ध या तिन्हीवर. पाच महिन्यांनी त्यांची हत्या झाली. ब्रिटनमधल्या दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठाने त्यांना जिवंतपणी पदवी दिली नव्हती, आणि या भाषणाची फिल्म वर्षानुवर्षं विस्मरणात पडून होती. सापडली म्हणून आज शब्द न् शब्द आहे, २०१७ मध्ये पुतळाही झाला.

टाचणवही:
अहो आहे ना! हेच सांगायला आलो होतो. कालपासून तुमचं वाचून हुरूप आला म्हणून आज सकाळी खालच्या खोलीत गेलो, पंख्यांच्या खोक्यांमागे एक पत्र्याचा डबा, आत सात स्पूल टेपा. पाचांवर काहीच लिहिलेलं नाही, एकावर "पदवीदान – खराब", आणि एकावर पेन्सिलीने "हॉर्न". नुसतं "हॉर्न"! मंडळी, हात थरथरले. रेडिओवाल्या एका मित्राकडे जुनं मशीन आहे, उद्याच नेऊन लावतो.

जुना_सभासद:
थांबा थांबा थांबा. लावू नका!! आधी डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती अ‍ॅसिटेटची टेप, ती वाळून कडक झालेली असते, ताण पडला की तुटते, तिला चुकूनही उष्णता द्यायची नाही. वास नसेल आणि टेप चिकट लागत असेल तर सत्तर-ऐंशीच्या दशकातली पॉलिएस्टरची असणार, तिच्यावरचा लेप दमट हवेत ओलावा धरतो आणि मशीनच्या हेडवर खरवडून निघतो, म्हणजे तुम्ही ऐकताय तेव्हाच भाषण पुसलं जातंय. अशी टेप कमी उष्णतेत, पन्नासेक अंशांवर, काही तास शेकावी लागते, पण ती जाणकाराने, घरच्या ओव्हनमध्ये नव्हे. आधी "हॉर्न" ला हात लावू नका, बिननावाच्या टेपेवर प्रयोग करा. आणि पहिल्यांदा चालवाल तेव्हाच रेकॉर्डिंग चालू ठेवा, दुसरी संधी मिळेलच असं नाही.

टाचणवही:
बापरे. बरं झालं विचारलं. वास घेतला, चारांना आंबूस येतोय, "हॉर्न" ला नाही येत, पण कडेला बोट लावलं तर किंचित चिकट आहे. मित्राला नको म्हणून कळवलं, तो चिडलाय. कुलसचिवांकडे खर्चाची नोट टाकतो, कारण काय लिहू? 'मोलाचे मार्गदर्शन' चिकट झाले आहे?

शेवटचा_बाक:
(बराच वेळ हशा)